‘फक्त कामाचं बोला’ म्हणणाऱ्यांना

सप्टेंबर हा आपल्याकडे सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा महिना. कायद्याप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणून पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, हिशेब वाचला जातो, लिफ्टच्या कंत्राटावरून आवाज चढतात. सगळं आटोपून मंडळी उठायला लागली की ‘आयत्या वेळचे विषय’ निघतात आणि त्यात गेली काही वर्षं एक ठराव हटकून येतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यापुढे फक्त ॲडमिननी लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. बहुतेकांना घरी जायची घाई असते. हात वर होतात आणि ठराव पास होतो. त्याच्या मागोमाग गेटजवळचा बाक हलवला जातो, कारण तिथे माणसं तासन् तास बसतात. जिन्यात उभं राहून बोलू नये अशी पाटी लागते. कामाला येणाऱ्या बायकांनी खालच्या कठड्यावर बसू नये, असं वॉचमनला सांगितलं जातं. सगळ्यामागचं कारण एकच असतं: रिकाम्या गप्पा नकोत, कामाचं तेवढं बोला.

हा ठराव मांडणाऱ्यांवर माझा राग नाही. सेक्रेटरी आणि खजिनदार ही बहुतेक ठिकाणी नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर फुकट राबणारी माणसं असतात. पंपाची मोटर जळाली की रात्री अकराला फोन त्यांनाच जातो. उद्या सकाळी पाणी येणार नाही, ही त्यांनी टाकलेली सूचना सुप्रभातच्या फुलांखाली आणि दोन पक्षांच्या भांडणाखाली गाडली जाते, आणि सकाळी नळ कोरडा पडला की बोल त्यांनाच लागतात. सूचनांसाठी वेगळा ग्रुप काढा आणि त्यावर फक्त समितीनं लिहावं, एवढंच मागणं असेल तर वाद इथेच मिटला. मी स्वतः त्याच्या बाजूने हात वर करीन. पण ठरावाचं म्हणणं तिथे थांबत नाही. शेजाऱ्यांचं आपसातलं मोकळं बोलणं हाच मुळात उपद्रव आहे, असं तो धरून चालतो. तक्रार असेल तर ॲपवर नोंदवा, समितीला अर्ज द्या. इतरांच्या घरात डोकावू नका, अफवा पसरवू नका, वेळ वाया घालवू नका. यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण त्यातले काही मुद्दे खरोखरच वजनदार आहेत.

सुरुवात ‘कामाचं’ या कल्पनेपासून करू. एखादी गोष्ट कामाची आहे हे आधीच माहीत असतं, असं ठरावकर्ते मानतात. वस्तीतल्या बहुतेक अडचणी मात्र सुरुवातीला किरकोळ आणि खाजगीच वाटतात. आमच्या गल्लीत रस्ता खोदून काँक्रीटचा झाला आणि पाण्याचा दाब उतरला. प्रत्येक इमारतीला वाटलं, दोष आपल्याकडेच आहे. एकीने टाकी साफ करून घेतली, दुसरीने बूस्टर पंप बसवला, तिसरीने टँकर लावला. ज्यांनी तक्रारी नोंदवल्या त्यांना तुमच्या अंतर्गत जोडणीत बिघाड असेल, असं छापील उत्तर आलं आणि तक्रार निकाली निघाली. एके दिवशी भाजीच्या गाडीवर मेथी निवडताना दोन इमारतींतल्या बायकांचं बोलणं झालं. तिसरीने त्यात भर घातली. रस्त्याच्या एकाच बाजूच्या इमारतींचं पाणी गेलंय, पलीकडच्यांना काहीच त्रास नाही, हे तिथे पहिल्यांदा लक्षात आलं. मग सगळे मिळून कार्यालयात गेले. तक्रार एकेकट्याची होती तोवर तिला उत्तर देणं सोपं होतं. नकाशावर खुणा करून सगळी बाजू समोर ठेवल्यावर खोदकामात दबलेली वाहिनी उघडून पाहावी लागली. मेथी निवडतानाचं ते बोलणं सोसायटीच्या ग्रुपवर आलं असतं, तर ‘कृपया अवांतर टाळा’ म्हणून कुणीतरी ते नक्की थांबवलं असतं.

यापेक्षा गंभीर प्रसंग पुण्याने पाहिला आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. पायांतली ताकद जाते, ती कमजोरी वर चढत जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. आधी पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो आणि त्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था मागे राहिली. अशा ठिकाणी पहिली खूण दिसते ती घरोघरच्या बिघडलेल्या पोटांत, आणि ती कुठल्याही कार्यालयात नोंदली जात नाही. दोन दिवस जुलाब झाले म्हणून कोण तक्रार करतं? ‘आमच्याकडे दोघांचं पोट बिघडलंय, तुमच्याकडे कसं आहे?’ असा रकाना कुठल्याही ॲपवर नसतो. तो प्रश्न फक्त शेजारी विचारतो, तोही बोलण्याच्या ओघात, दुसऱ्याच कुठल्या विषयावरून गाडी तिथे आल्यावर.

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याचा एक ठोस पुरावा आहे. लंडनच्या सोहो भागातली 1854 ची कॉलऱ्याची साथ डॉक्टर जॉन स्नो यांच्या नावाने शिकवली जाते, कारण ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर त्यांनी बोट ठेवलं. त्याच वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री होता. स्नो यांचं म्हणणं त्याला आधी पटलं नव्हतं, ते खोडून काढायच्या उद्देशानेच त्याने चौकशी सुरू केली. घराघरांतली माणसं त्याच्या ओळखीची होती, कारण रोज त्यांच्याकडे जाणं आणि बोलणं हाच त्याचा दिनक्रम होता. त्या ओळखीमुळे त्याला कळलं की 40 नंबरच्या घरातलं एक तान्हं मूल साथीच्या अगदी सुरुवातीला आजारी पडलं होतं आणि त्याचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीला लागून असलेल्या शोषखड्ड्यात ओतलं गेलं होतं. स्नो यांच्या सिद्धांताला जो दुवा हवा होता तो असा मिळाला. बाहेरून प्रश्नावली घेऊन आलेल्या माणसाला कुणा आईने हे सांगितलं असतं का, याची मला शंका आहे.

महाराष्ट्रातल्या नागरी चळवळींकडे पाहिलं तरी मूळ तिथेच सापडतं. मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते गोरेगावच्या पाण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या, पण महापालिकेत जे मांडलं ते त्यांनी नळावरच्या रांगांमधून आणि वस्त्यांमधल्या ओट्यांवरून गोळा केलं होतं. पुढे 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन हजारो गृहिणी मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. तेल मिळत नाही, रेशनवरची साखर संपली, रॉकेलला तीन तास उभी राहिले, हे त्यांचं रोजचं बोलणं. पुरुषमंडळी त्याला बायकांच्या गप्पा म्हणत होती. त्याच गप्पांनी सरकारला घाम फोडला.

तक्रारीसाठी यंत्रणा आहेत, मग बोलायचं कशाला, असं विचारणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांचा अनुभव आठवावा. मार्च 2022 मध्ये मुंबई, पुणे आणि इतर अनेक महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे नगरसेवकच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. वॉर्डातल्या गटाराबद्दल ज्याला दारात अडवून विचारता येईल, असं निवडून दिलेलं माणूसच जागेवर नव्हतं. नागरिकांच्या क्षेत्रसभांची तरतूद 2009 मध्ये आपल्या कायद्यात आली. तुमच्या भागात अशी सभा झाल्याचं आठवतं का, ते शेजाऱ्यांना विचारून पाहा. थोडक्यात, सोसायटीची सभा वर्षातून एकदा, क्षेत्रसभा कागदावर आणि नगरसेवक कधी असतो, कधी नसतो. उरतं ते कठड्यावरचं बोलणं, आणि तेवढं तरी राहू द्या असं माझं म्हणणं आहे.

आता त्यांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. शेजाऱ्यांच्या गप्पा म्हणजे कुचाळक्या, आणि कुचाळक्यांनी माणसं उद्ध्वस्त होतात. हे खरं आहे आणि ते उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. रात्रीपाळी करणारी मुलगी किती वाजता येते, तिसऱ्या मजल्यावरच्या घटस्फोटित बाईकडे कोण येतं, नवीन भाडेकरूचं आडनाव काय, त्यांच्या स्वयंपाकघरातून कसला वास येतो, हे विषय आपल्या कट्ट्यांवर पिढ्यान् पिढ्या चघळले गेले आहेत. त्यातून लग्नं मोडली, भाड्याची घरं नाकारली गेली, मुलींची शिक्षणं थांबली. जातीची आणि धर्माची चौकीदारी याच बोलण्यातून होते. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना गप्पांवर बंदी म्हणजे सुटका वाटली, तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण बंदीने नेमकं काय बंद होतं, ते पाहू. मोठा ग्रुप मुका केला की ते बोलणं थांबत नाही. ते चार-पाच जणांच्या छोट्या ग्रुपमध्ये जातं, समितीच्या बंद दाराआड जातं. जिच्याबद्दल बोललं जातं ती तिथे नसते आणि तिची बाजू घेणारंही कुणी नसतं. उदाहरण भाड्याच्या घरांचं घ्या. आदर्श उपविधींनुसार सदस्याला आपला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सोसायटीला कळवावं लागतं. तरीही शेकडो सोसायट्यांत ‘एनओसी’ मागितली जाते, अविवाहितांना, मुसलमानांना, मांसाहार करणाऱ्यांना ती मिळत नाही, आणि घरमालक निमूटपणे एजंटला दुसरं गिऱ्हाईक शोधायला सांगतो. हा निर्णय चारचौघांत, सगळ्यांच्या देखत बोलला गेला असता, तर असा नियमच नाही हे सांगणारा एखादा तरी सभासद निघाला असता. पूर्वग्रह बंद खोलीत ठराव म्हणून पास होतात. उघड्यावर त्यांना निदान कारण तरी द्यावं लागतं.

अफवांचाही मुद्दा असाच आहे. इथे लोक राईनपाड्याचं नाव घेतात आणि ते घ्यायलाच हवं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून जगणारी ती माणसं होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आलं. त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फोनांवर फिरत होते. या घटनेपुढे शेजारधर्माचे गोडवे गाणाऱ्या कुणालाही थांबून विचार करावा लागतो, कारण मारणारेही एकमेकांचे शेजारीच होते. एकमेकांशी बोलणारी माणसं आपोआप शहाणी होत नाहीत. एकाच तऱ्हेची माणसं आपसातच बोलत राहिली, तर बाहेरच्याबद्दलची भीती वाढतही जाते.

पण यातून निघणारा धडा ठरावकर्त्यांच्या उलट दिशेने जातो. फिरणारा तो संदेश कुणाच्या ओळखीच्या माणसाने अनुभवलेला नव्हता. कुठलं मूल, कुणाचं, कधी, कुठल्या ठाण्यात नोंद झाली, हे विचारायची त्यात सोयच नव्हती. तो फक्त वाचायचा आणि पुढे ढकलायचा होता. वरून आलेलं वाचा आणि उलट विचारू नका, ही सवय ज्या ग्रुपला लावली जाते तो ग्रुप अफवेच्या बाबतीत जास्त दुबळा होतो. आणि ॲडमिनवर कायद्याची जबाबदारी येते म्हणून आम्ही ग्रुप बंद करतो, असं जे सांगितलं जातं तेही फार ताणलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू नसेल तर, ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. घाबरलेल्या ॲडमिनना हे कुणीतरी सांगायला हवं.

अनोळखी माणसांबद्दलची भीती कशाने कमी होते, याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका शहराने दिलेलं आहे. भिवंडी यंत्रमागांचं शहर. 1970 मध्ये तिथे मोठी दंगल झाली, 1984 मध्ये पुन्हा झाली. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समित्यांमध्ये त्यांनी नेहमीचे पुढारी न घेता दोन्ही धर्मांतली साधी माणसं घेतली, त्यांना नियमित एकत्र बसवलं आणि किरकोळ भांडणं तिथल्या तिथे सोडवायला लावली. पाण्यावरून, जागेवरून, पोरांच्या मारामारीवरून होणारी ही भांडणं पोलिसांच्या वहीत अदखलपात्र म्हणून पडून राहतात. अशाच भांडणांना एक दिवस धर्माचा रंग चढतो, हे खोपडे यांनी ओळखलं होतं. समित्यांचं काम म्हणजे बहुतांशी गप्पाच होत्या, आणि विषय नळ, गटार, आवाज, उधारी असे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत जे घडलं त्यात, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, 900 माणसं मेली. शेजारच्या भिवंडीत दंगल झाली नाही. मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्यासारखे पोलीस अधिकारी त्यात होते. पण मुंबईत त्या दंगलीनंतर आल्या आणि भिवंडीत आधी होत्या, हा फरक मोठा आहे.

इथे जाणकार आक्षेप घेतील. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 मधल्या आपल्या ग्रंथात दाखवलं की गावात रोजची उठबस शांततेला पुरते, पण मोठ्या शहरात ती पुरत नाही. तिथे संघटना लागतात, व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब लागतात. मग नुसत्या गप्पांचं कौतुक कशाला? मला हा आक्षेप मान्य आहे आणि माझं म्हणणं त्याने अडत नाही. वार्ष्णेय स्वतः भिवंडीचं उदाहरण देतात, आणि तिथली संघटना गप्पांमधूनच उभी राहिलेली होती. ज्यांचं एकमेकांशी कधी पाण्यावरूनही बोलणं झालेलं नाही त्यांची समिती तणावाच्या रात्री काय करणार? गप्पांनी संघटना उभी राहीलच असं नाही, पण गप्पा तोडून उभी राहिलेली संघटना मला तरी कुठे दिसलेली नाही.

खाजगीपणाचा मुद्दा उरतो. आमच्या दाराआड काय चाललंय ते आमचं आम्ही पाहू, ही मागणी रास्त आहे. शहरात माणसं त्यासाठीच येतात, विशेषतः गावात ज्यांच्यावर चोवीस तास नजर होती अशा बायका आणि दलित. मी चाळीच्या आठवणीने गळा काढणार नाही. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक संडासासमोर डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला तिथल्या आपुलकीचं कौतुक सांगायला कुणी जाऊ नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. दार लावता येणं ही मोठी गोष्ट आहे.

मात्र दार लावायला मिळणं आणि दारापलीकडे कुणीच नसणं यांत फार अंतर आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागात परदेशातून आलेल्या मुलाने आईच्या फ्लॅटचं दार उघडून घेतलं तेव्हा आत तिचा सांगाडा होता. आदल्या वर्षीच्या एप्रिलनंतर त्याचं तिच्याशी बोलणं झालं नव्हतं. मी त्या कुटुंबाकडे किंवा त्या इमारतीकडे बोट दाखवत नाही. प्रश्न आपल्या सगळ्यांच्या इमारतींचा आहे. पुण्या-मुंबईत ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरात आहेत असे म्हातारे आता प्रत्येक जिन्यावर आहेत. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसणं, सकाळच्या फेरीला काका न येणं, ग्रुपवर रोज चुकीचा सुविचार टाकणाऱ्या आजी दोन दिवस गप्प असणं, हे सगळं टिपणारी नजर कुठल्या सुरक्षा कंपनीच्या कंत्राटात नसते. सुप्रभातच्या फुलांनी वैतागणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की एकट्या माणसाची ती हजेरी असते. ती बंद केली तर ते माणूस आहे की नाही, हे कळण्याचा एक मार्ग आपण हाताने बुजवतो.

मग गप्पा जशा आहेत तशा राहू द्यायच्या? तसं मी अजिबात म्हणत नाही. आजच्या आपल्या शेजारगप्पांचा खरा दोष असा की त्यात फार कमी माणसांना जागा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर फ्लॅटचे मालक असतात. मालक दुबईत असला तरी तो ग्रुपवर असतो, आणि त्याच्या घरात पाच वर्षं राहणारा भाडेकरू नसतो. पाणी भाडेकरूच्या नळाला येत नाही आणि चर्चा मालक करतो. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सहा घरांत जातात, कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुठे गळती आहे, कुठल्या आजींनी दोन दिवस नीट जेवण केलेलं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांना बसायला जागा द्यायची सोडून आपण त्यांच्यासाठी लिफ्ट वेगळी करतो. रात्रपाळीचा वॉचमन अख्खी गल्ली ओळखतो आणि त्याला सगळ्या बोलण्यात फक्त ‘भैया, गेट’ एवढंच ऐकायला मिळतं.

वर्तुळ असं लहान राहिलं की बोलणंही कोतं होतं. मुंबईत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली ‘एएलएम’ची कल्पना चांगली होती. गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन कचरा वेगळा करायचा, महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाशी थेट बोलायचं. पुष्कळ गल्ल्या त्यामुळे स्वच्छ झाल्या. पण जिथे या गटांत फक्त फ्लॅटवालेच राहिले तिथे त्यांचा जोर कचऱ्यावरून फेरीवाल्यांकडे वळला, आणि ज्याच्याकडून रोज कोथिंबीर घ्यायची त्यालाच हटवण्याचे अर्ज त्याच टेबलावर लिहिले गेले. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत असं तो सांगतो. फूटपाथ कुणाचा, यावर भांडण होणारच, आणि व्हावं. पण ते भांडण भाजीवालीला समोर बसवून व्हायला हवं. तिच्या गाडीभोवतीच आमच्या गल्लीचा पाण्याचा प्रश्न उलगडला होता.

वेळ नाही, हे शेवटचं कारण. ते सांगणाऱ्यांत मी पुरुषच जास्त पाहिले आहेत. वस्तीतलं हे बोलणं चालू ठेवण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, मुलांना बसथांब्यावर सोडताना, गिरणीत दळण होईपर्यंत, मंदिराच्या पायरीवर, आणि त्या कामाला कुणी काम म्हणत नाही. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची नोकरी गेली म्हणून दोन महिने फी थांबली तर शाळेत बोलायला कोण जाईल, हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं की नाही, असल्या बोलण्यातून वस्तीचे खरे निर्णय होतात. हे सगळं ‘अवांतर’ म्हणून पुसलं की इमारतीच्या कारभारातून बायकांचा आवाजही पुसला जातो, कारण समितीच्या खुर्च्यांवर अजूनही पुरुषच जास्त बसतात.

म्हणून यंदा तुमच्या सभेत हा ठराव आला तर घाईत हात वर करू नका. सूचनांचा ग्रुप वेगळा आणि बोलण्याचा वेगळा, अशी दुरुस्ती लेखी मांडा. बोलण्याच्या ग्रुपवर भाडेकरूंना घ्या आणि ‘कुटुंबप्रमुख’ या नावाखाली घरागणिक एकच नंबर ठेवण्याची पद्धत मोडा. कुणाच्या चारित्र्यावर, जातीवर, धर्मावर लिहिलेलं पुसलं जाईल आणि लिहिणाऱ्याला तिथेच जाब विचारला जाईल, एवढा एकच नियम करा आणि तो अध्यक्षांच्या चिरंजीवांनाही लावा. गेटजवळचा बाक परत मागा, आणि त्यावर कामाच्या बायका बसल्या तर हरकत घेतली जाणार नाही, हे कार्यवृत्तात लिहून घ्या. तरीही ठराव पास झाला तर विरोधात असलेल्यांनी आपली नावं नोंदवायला सांगावीत. पुढच्या सप्टेंबरला विषय पुन्हा काढताना ती नावं लागतील.